चिठ्ठीवरचा अर्धा बाप

सत्तरच्या दशकात सोलापूरकरांना थंड हवेची दोनच ठिकाणं ठाऊक होती: महाबळेश्वर आणि आमच्या मिलची कॉम्प्युटरची खोली. महाबळेश्वरला एस.टी.नं जावं लागे. आमच्याकडे यायला नुसतं निमित्त पुरे.

त्या खोलीत मी प्रोग्राम लिहायचो. पूर्वी सगळी माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवर असे. मग टेप आली, पण पगाराचा जुना प्रोग्राम कार्डांशिवाय काही ओळखेना. म्हणून कुणीतरी मध्ये एक थापाड्या प्रोग्राम बसवला. तो टेपवरची माहिती पुढे सरकवायचा आणि शपथेवर सांगायचा, ही कार्डंच आहेत. थापाड्या म्हटल्यावर तो माझ्याच गळ्यात पडला, याचं मिलमध्ये कुणाला नवल वाटलं नाही.

गडी थापेत इतका रंगलेला, की नसलेलं कार्ड दमटलंय का ते तपासायचा, कार्डं ठेवायचा नसलेला खण रिकामा झाला की घंटा वाजवायचा. या नाटकात मशीनची निम्मी मेमरी जाई. पगारचिठ्ठीवर आडनाव, नाव आणि बापाचं नाव या सगळ्यांना मिळून चिमूटभर जागा उरे.

लूमखात्यात मागांवरच्या कामगारांवर देखरेख करणारे एक तेलुगू जॉबरकाका होते. त्यांचं नाव अक्कलकोटला गाडीत बसून म्हणायला घेतलं तर जेऊर स्टेशनात संपावं. निवृत्तीआधीचा एकच पगार उरलेला. खिडकीशी येऊन म्हणाले, "मालक, हातानं लिहीत होते तवर ठीक होतं. मशीन आल्यापासून चिठ्ठीवर माझा बाप अर्धाच येतोय. शेवटच्या चिठ्ठीवर तरी सबंध आणा की."

मी साहेबांना म्हणालो, थापाड्याचं नाटक काढतो, जागा होईल. साहेब घरी मोडक्या छत्रीच्या काड्याही जपणारे.

"असू द्या हो. कधी लागेल सांगता येतं का?"

"कार्डाचं यंत्र भंगारात गेलं, साहेब. आता घंटा कशाला?"

"काढा मग. पण पगार अडला तर लूमखात्यात जाऊन तुम्हीच सांगायचं."

दमटपणा काढला, खण काढला, घंटा काढली, आणि मोकळ्या जागेतली थोडी काकांच्या नावाला दिली. मशीन इतकं हलकं झालं, की जमिनीपासून बोटभर वर उचललेलं मी या डोळ्यांनी पाहिलं.

पगाराच्या दिवशी मशीन सुरू केलं. प्रिंटर गप्प. खिडकीबाहेर काका उभे, मागे सगळं लूमखातं. त्या थंड खोलीत साहेबांना घाम फुटला. तसला घाम त्या खोलीनं पुन्हा पाहिला नाही. मी तपासलं तर हिशेब केव्हाच पुरा झालेला. मशीनवरचा ऑपरेटर मात्र मांडीवर कोरा कागद घेऊन स्टुलावर निवांत.

"अरे, प्रिंटरला कागद का नाही लावलास?"

"घंटा कुटं झाली? घंटा झाली की कागद लावायचा, असंच शिकवलंय की मला."

"लागते म्हटलं होतं ना," साहेब म्हणाले.

मी चहाच्या ग्लासवर चमचा वाजवला. ऑपरेटर उठला, कागद लावला, आणि प्रिंटर खडखडू लागला.

काकांनी चिठ्ठी घेतली. इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्या नावाची अक्षरं ओळखीची. बोट सरकत सरकत शेवटाला पोचलं आणि तिथंच थांबलं.

"आला का?" मी विचारलं.

"आला की. सबंध आला." चिठ्ठीची घडी सदऱ्याच्या खिशात गेली. "आनखी जागा हाय का आत?"

"लई."

काका मागे वळून तेलुगूत काहीतरी मोठ्यानं बोलले, आणि सगळं लूमखातं आपापले बाप घेऊन खिडकीशी आलं.