अकीक घासताना बोलायचं नसतं

कारखान्यात तिला सगळे चाकवाली म्हणत. बाप चाकावर, लेकही चाकावर. दुसरं नाव शोधायच्या भानगडीत कोण पडणार? अकीकाचे ओबडधोबड तुकडे फिरत्या चाकावर धरायचे आणि त्यांतून गुळगुळीत लाल मणी काढायचे, हे तिचं काम. तिथला नियम एकच. चाक फिरतंय तोवर तोंड उघडायचं नाही. हवं ते खुणेनं मागायचं, हसू आलं तर चाक थांबेपर्यंत गिळायचं. नवी बाई बडबडू लागली की म्हातारी मुकादमीण सरळ तिच्या ओठांवर बोट ठेवायची.

चाकवालीचा बाप मात्र मोठा शहाणा. तो चाकावर बसून गाणी म्हणायचा, कुणाचं ऐकायचा नाही. व्हायचं तेच झालं, दगडाची धूळ छातीत बसली. त्याचा खोकला ती विसरली नव्हती. आधी नुसता घसा साफ केल्यासारखा, मग श्वास अडकायचा, आणि मग लांबलचक, डोळे लाल होईपर्यंत. जाताना त्यानं एवढंच मागितलं, "पोरी, चाक घरात आणू नकोस." तिनं मान डोलावली होती.

नवरा शब्दकोशाच्या कचेरीत. अर्थ शोधण्यात इतका बुडालेला, की भाजीत मीठ नसलं तरी त्याला पत्ता लागायचा नाही. एकदा त्याच्यापुढे तिच्याच दगडाचं नाव आलं. अकीक. शब्द मूळ अरबी, हे त्याला लगेच सापडलं. मग कवींनी तो कुठं कुठं वापरलाय ते गोळा करायला बसला आणि हरखूनच गेला. प्रेयसीचे ओठ म्हणजे अकीक, पेल्यातली दारू अकीक, विरहात डोळ्यांतून येणारं रक्त तेही अकीक! कवींचं काय जातंय म्हणायला. घासायला थोडंच बसायचंय त्यांना!

"अगं, मला हा दगड उजळताना बघायचाय," तो म्हणाला. "एक चाक घरी आण की."

इतक्या वर्षांत तिचं काम कुणी बघायला मागितलं नव्हतं. ती हुरळली. बापाला दिलेला शब्द आठवला नाही असं नाही, पण तो तिनं बाजूला सारला. चार दिवसांचा तर प्रश्न, शिवाय आपण दगडावर पाणी सोडत घासू म्हणजे धूळ उडणार नाही, अशी मनाची समजूत घातली. कारखान्यातलं एक जुनं चाक तिनं खिडकीपाशी बसवलं.

चार दिवस म्हणता म्हणता हिवाळा सरला, पाणी सोडायचंही मागे पडलं. संध्याकाळी ती घासायची, नवरा बघायचा, आणि शाळकरी लेक चाकाशेजारी स्टुलावर बसून बापाला कवितेच्या ओळी वाचून दाखवायची. चाकाच्या घरघरीत ऐकू जावं म्हणून चांगलं तोंड उघडून वाचायची. घर कसं भरल्यासारखं वाटायचं. चाकवालीलाही वाटायचं, हेच वाईट. नियम कारखान्याचा, घरात कसला आलाय नियम, असं तिच्या डोक्यात बसलं होतं.

त्या संध्याकाळी लेक डोळ्यांतल्या रक्ताची ओळ वाचत होती. मध्येच तिनं घसा साफ केला. चाकवालीचा हात थबकला. लेकीचा श्वास अडकला. आणि मग तो लांबलचक खोकला आला.

चाकवालीनं चाकाचा पट्टा ओढून काढला.

"का गं थांबलीस?" नवरा म्हणाला. "छान चाललं होतं की."

तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. "कधीपासून येतोय हा?" तिनं लेकीला विचारलं.

"खोकला होय? येतो की अधूनमधून. शाळेतपण येतो." लेकीनं लाल झालेले डोळे पुसले. "आई, तुला नीट ऐकू येत नाहीये का? अजून मोठ्यानं वाचू?"

चाकवालीनं मुकादमिणीसारखं तिच्या ओठांवर बोट ठेवलं. बोट धुळीनं पांढरं झालं होतं. चाक थांबलेलंच होतं. बोटाखाली लेकीचे ओठ थरथरले, उघडले, आणि ती पुन्हा खोकू लागली.