नसीमची शेवटची रजा

नसीम खुर्चीत टेकलेली मी कधी पाहिली नाही. चपला काढतानाच तिचं बोलणं सुरू व्हायचं. चहा उभ्यानं प्यायची आणि बोलता बोलता माझ्या ओट्यावरचे डबे पुसून ओळीनं लावून टाकायची. इथं आखातात, महबूल्यातल्या आमच्या इमारतीत ती सहाव्या मजल्यावर, मी मुलाकडे तिसऱ्यावर. लिफ्टची वाट बघणं तिला जमायचं नाही, म्हणून जिना. पावलांवरून मला कळायचं, आज ड्यूटी कशी गेली ते. मी म्हणायची, "अगं बस की, खुर्ची चावते का तुला?"

"काकू, दिवसभर मी लोकांना हलू नका, हलू नका सांगत्ये. त्यांच्या वाटणीचं कोणीतरी हलायला नको?"

एक्स-रे काढायची ती, इथल्या इस्पितळात, पंचवीस वर्षं. मूळची दाभोळच्या खाडीकाठची. एकदा इथल्याच शुऐब्याच्या कारखान्यातला एक नॉर्वेचा इंजिनिअर खांदा मोडून तिच्या टेबलावर आला. दुखत असलं की माणूस काहीबाही बोलतो. हा बोलला आपल्या डोंगरावरच्या रानटी रेनडिअरबद्दल. हरणाच्या जातीचं, पण अंगानं थोराड, आणि शिंगं मादीलाही. चालताना म्हणे त्यांच्या घोट्यांतून टकटक आवाज येतो. झालं! सगळं आयुष्य हाडांत काढलेली बाई ती. "शीर हाडावरून सरकते नि वाजते, काकू. मला ऐकायचाय तो आवाज." नुसतं म्हणाली नाही, त्या इंजिनिअरच्या बहिणीकडे राहून दोनदा जाऊनही आली.

पण दोन्ही वेळा उन्हाळ्यात. रजाच तेव्हा मिळायची. आणि बघण्यासारखं जे असतं ते थंडी पडायला लागली की, त्यांच्या मिलनाच्या दिवसांत. नरांच्या माना फुगतात, ते खाणंपिणं विसरतात, माद्यांभोवती धावत सुटतात, एकमेकांशी झुंजतात. हे सगळं ती मला भाजी निवडता निवडता सांगायची. मी दोन लेकरांची आई, तरी पदर सावरायची.

"लाजताय काय काकू? त्यांना लाज नाय, आपल्याला कशाला?"

गेल्या वर्षी तिची नोकरी डिसेंबरात संपायची होती. मग कायमचं गावी. आणि नेमकी त्याच वर्षी तिला पहिल्यांदा ऑक्टोबरची रजा मिळाली. बाई नुसती भिरभिरत होती. दोन महिने आधी तेल सोडलं, वासाचा साबण सोडला. केस भुरभुरीत झालेले. "त्यांचं नाक लय तिखट. आपल्यावरनं वारा तिकडं गेला, की कळप गेला."

निघायच्या दिवशी ती ड्यूटी संपवून आमच्याकडूनच विमानतळावर जाणार होती, म्हणून बॅग सकाळी आमच्याकडे ठेवून गेली. मी लाडू ठेवायला बॅग उघडली. जाड जाकिटाला डांबरगोळ्यांचा असा दर्प, की माझंच डोकं दुखायला लागलं. म्हटलं, त्या मुक्या जनावरांचं काय होईल! मुलाच्या साहेबांच्या घरून बखूर आलेला होता, इथला सुगंधी लाकडाचा धूप. निखारा फुलवला आणि जाकीट आतून-बाहेरून त्यावर धरलं. टोपी, हातमोजे, काही सोडलं नाही. गोळ्यांचा वास गेला, मी खूश. दुपारी बॅग न्यायला आली तेव्हा तिनं ते जाकीट हातात घेतलं, पण तिला काही कळलं नाही. मलाही नाही. इथं लिफ्टपासून बँकेपर्यंत तोच वास. आमची नाकं त्याला कधीच सरावलेली.

मग तिचे व्हॉइस मेसेज यायला लागले. पहिल्या दिवशी, "काकू, वारा फिरला, गेले." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आवाज पडलेला. "मी हलत नाय. श्वास धरून पडत्ये दगडावर. तरी वारा जरा आडवा झाला की अर्ध्या किलोमीटरवरनं डोकी वर. उन्हाळ्यात असं नव्हतं. काय चुकतंय माझं?"

मी कपाट पुसत होते. हात धुपाटण्यातल्या राखेला लागला आणि कळलं, चुकलं होतं ते माझं.

मुलगा म्हणाला, "आई, आता सांगून काय उपयोग? तिला उगाच वाईट वाटेल." तिचे चार दिवस उरलेले. मी हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये. शेवटी बटण दाबलं. "नसीम, जाकीट मी बखुरावर धरलं होतं गं. टोपीसुद्धा. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण ते जाकीट काढ." पाठवलं, आणि मग लक्षात आलं, साठीच्या बाईला मी बर्फात जाकीट काढायला सांगितलं! लगेच दुसरा पाठवला, "काढू नको गं बाई!"

दोन्ही निरोप गेले की नाही, कळेना. दिवस गेला. जेवण जाईना. सूनबाई म्हणाली, "आई, फोन ठेवा हो, भाजेल तुमचा हात." दुसऱ्या दिवशी दुपारी एक मेसेज आला. शब्द नाहीत. वारा, घशातून काढल्यासारखी घुरघुर, शिंगांवर शिंगं आदळल्याचा कडाका, आणि अगदी जवळून, टक, टक, टक. मग बंद. त्यानंतर दोन दिवस काही नाही.

परत आली ती घोगरा घसा घेऊन. जाकीट, टोपी सगळं तिनं दूर दगडांखाली दाबून ठेवलं होतं म्हणे. अंगावर दोन स्वेटर आणि वर एक प्लास्टिकचा कागद.

"कळप हितं, ह्या भिंतीइतका जवळ आला, काकू. दोन नर. शिंगात शिंग अडकलं."

"मग? कोण जिंकला?"

"नाय बघितलं."

"म्हणजे?"

"माझे दात वाजायला लागले. थांबेनात. त्यांनी ऐकलं असतं तर सगळी पांगली असती, नि त्यांचं काम मोडलं असतं. वर्षातनं एकदाच जमतं त्यांचं. मग पोटावर सरकत मागं आले."

मला रडूच आलं. इतक्या वर्षांची वाट! म्हटलं, "माझ्यामुळे गं."

ती डबा पुसत होती. "हो, तुमच्यामुळंच," म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण तुमी सांगितलंत म्हणून एवढं तरी बघितलं. निरोप आला नसता, तर मी दुसऱ्या दिवशीच परत निघणार होते."

एवढंच. पुन्हा कधी तिनं तो दोष माझ्यावर ढकलला नाही, की गोड बोलून झाकलाही नाही.

डिसेंबरात ती गावी गेली. फोन करते, खाडीतल्या बगळ्यांचं सांगते. मी ऐकते, पण मध्येच माझं लक्ष उडतं. ते दोन नर अजून शिंगात शिंग अडकवून उभे असतात, आणि नसीम त्यांच्यावरची नजर न काढता, दातांत स्वेटरची बाही धरून, इंच इंच मागे सरकत असते.