चोखायचा कोपरा

आमची मावशी तान्ह्या बाळांसाठी गोधड्या शिवते. तुकडे जोडून जुन्या पद्धतीच्या चांदण्या करते, पण एक कोपरा मुद्दाम साधा ठेवते, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाचा. तो बाळानं चोखायचा. तिच्याच लेकीनं आपल्या बाळाच्या गोधडीच्या त्या कोपऱ्यावर शिंप्याकडून चमकीची चांदणी लावून घेतली. म्हणे, "अर्धवट दिसत होतं गं, आई!"

दिखाऊपणा नुसता! नातवाचे ओठ चमकी घासून लालेलाल झालेले. मावशीचं डोकं फिरणार नाही तर काय? तिनं कात्री घेतली आणि टाके उसवता उसवता लेकीला फैलावर घेतलं, "शाळेत जाईपर्यंत असाच कोपरा तोंडात धरून घरभर फिरलीस, भवाने! तेव्हा नाही तो अर्धवट दिसला?"