कोमलच्या वहीतले दोन हंडे

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नाशिकमधलं आमचं कॉलेज बंद होतं आणि मी घरातल्या डायनिंग टेबलावरून पर्यावरणाचा कोर्स शिकवत होते. एरवी या कोर्सला वर्गात कमी आणि नासर्डी नदीच्या काठावर जास्त वेळ जातो… प्लॅस्टिक काढायचं, पाणी तपासायचं, वस्तीतल्या लोकांशी बोलायचं. लोकांसाठी केलेल्या कामाच्या तासांनाही मार्क असतात.

आता मुलं आपापल्या गावी अडकलेली. मग मी काम बदललं. घराजवळची विहीर, ओढा, हातपंप, जे असेल त्याची रोज नोंद ठेवा आणि आठवड्याला वहीचा फोटो पाठवा.

दिंडोरीकडच्या एका खेड्यातली कोमल नेमाने फोटो पाठवायची. दोरीला दगड बांधून ती गावच्या विहिरीचं पाणी मोजायची. अक्षर सुरेख, आकडे नीट. फक्त शेवटच्या रकान्यात रोज एकच ओळ… ‘दोन हंडे, शेवंतामावशींचा ओटा.’ आणि कामाच्या तासांचा रकाना कोरा.

मी त्या दिवसांत वैतागलेलीच असायचे. फोटोवर लाल शेरा मारून पाठवला : ‘विषयाशी संबंध नसलेलं लिहू नये.’

पाच मिनिटांत उत्तर आलं. “सॉरी मॅडम. उद्यापासून नाही लिहिणार.”

का कोण जाणे, ते वाचून बरं वाटेना. मी फोन लावला.

“कोमल, शेवंतामावशी कोण गं?”

“शेजारच्या हायेत मॅडम. त्यांच्या घरात तिघं पॉझिटिव्ह निघाले. गावानं विहिरीवर यायला बंदी केली त्यांना. नळ नाय त्यांच्याकडं… मग मी हंडा ओट्यावर ठेवते, हाक मारते आणि लांब होते.”

“आई रागावली नाही?”

“चार दिवस बोललीच नाय माझ्याशी. पाचव्या दिवशी तिनंच हंडे भरून दिले.”

“मग कामाचे तास का नाही लिहिलेस?”

“ते पर्यावरणाचं काम नाय ना मॅडम… नुसतं पाणी तर भरलं.”

मी फोन ठेवला. मग तिला मेसेज केला… माझा शेरा चुकला, ती ओळ रोज लिही.

पुढच्या आठवड्याच्या फोटोत एका तारखेसमोर लिहिलं होतं, ‘मावशींचे सासरे गेले. आज पाणी जास्त लागलं.’ मावशी आणि त्यांचे मिस्टर मात्र वाचले. महिन्याभराने मावशी स्वतः विहिरीवर आल्या, तेव्हा बायका आधी मागे सरकल्या आणि मग एकीने त्यांचा हंडा उचलून दिला, हेही वहीत आहे.

इतकी वर्षं मी मुलांना पाणी किती आहे आणि किती घाण आहे, एवढंच मोजायला शिकवलं. ते कोणाला मिळत नाही, हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

आता दर वर्षी पहिल्या तासाला मी नवीन मुलांना विचारते, “तुमच्याकडे पाण्यावर कोणाला येऊ देत नाहीत?” खाली बघतात सगळे… मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच हात वर करतं.