बार्शीपलीकडची फर्द

सन १९४६, भाद्रपदातला एक शुक्रवार, दुपारची नमाज झाल्यावर. ठिकाण येरमाळा, चाचांचं अंगण. हजर : चाचा, चाची, माझे आईवडील, मी, माझी नवी लोखंडी ट्रंक आणि चाचांची शेळी. काम : माझी विलायतेची तयारी तपासणे.

विलायतेला शिकायला जाणाऱ्या पोरांना सल्ला देण्यात आमच्या चाचांचा हात धरणारा माणूस निजामाच्या उभ्या राज्यात नव्हता, आणि चाचा जन्मात बार्शीलाही गेले नव्हते. चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे जुने स्नेही. बार्शीच्या रस्त्यावर जिथं निजामाची हद्द संपून इंग्रजांची सुरू व्हायची, तिथं सरहद्दीच्या जकातीचा, म्हणजे करोडगिरीचा नाका होता. त्या नाक्यावर चाचांनी तीस-एक वर्षं लोकांच्या पेट्या, गाठोडी आणि बैलगाड्या उघडून पाहिल्या. आडवा बांबू उचलायचा, माणूस पलीकडं सोडायचा, बांबू खाली करायचा. बार्शी तिथून काही कोसांवर, पण ते स्वतः कधी पलीकडं गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, "नाकेदारच पलीकडं गेला, तर बांबू कोण उचलंल?" नोकरी संपली तेव्हा त्यांनी घरच्या अंगणाच्या तोंडाशी तसाच एक बांबू आडवा बांधला. येणाऱ्याला आधी तीन प्रश्न : कुठून आलात, कुठं चाललात, बरोबर काय? चाची भाजी घेऊन आली तरी सुटका नव्हती. "बाजारातून आले, चुलीकडं चालले, बरोबर दोडके हायत. उचला आता," असं एका दमात सांगून ती आत जायची.

चाचांचा सिद्धांत असा की जगातले सगळे नाके सारखे असतात, आणि ज्याला नाका पार करता आला त्याला परदेश जमलाच. सल्ल्याची सगळी इमारत या एका पायावर उभी होती. आसपासच्या गावांतून कुणी मुलगा आगबोटीनं शिकायला निघाला की त्याचे वडील त्याला चाचांकडं आणत, कारण खरोखर जाऊन आलेला माणूस पंचक्रोशीत सापडत नव्हता. वाशीच्या वकिलांचा मुलगा ट्रंकभर कायद्याची पुस्तकं घेऊन आला, तेव्हा चाचांनी त्याला ती ट्रंक स्वतः उचलून लिंबाभोवती शंभर पावलं चालायला लावलं. तिसाव्या पावलाला तो ट्रंकेवरच बसला. "तिकडं हमाल तुझ्या अब्बांनी पाठवलाय का?" चाचांनी विचारलं. निम्मी पुस्तकं वाशीला परत गेली. बेंबळीचा एक जण डॉक्टरकीला निघाला होता. त्याला चाचांनी सांगितलं की खोली बघायला गेलास की पलंग बघू नकोस, पाणी कुठून येतं ते बघ. हे सारं ते एका कागदावर उतरून द्यायचे. त्याला ते फर्द म्हणत. तेवीस कलमं, आणि प्रत्येक कलमापुढं शेऱ्यासाठी कोरा रकाना. खरं निघालं की खोटं, ते मुलानं तिकडं पाहून लिहायचं आणि फर्द परत आणायची.

आता अडचण इथं होती. माझ्याआधी सात मुलं गेली आणि एकही फर्द परत आली नव्हती. कुणी तिकडंच राहिला, कुणाला दिल्लीत नोकरी लागली, कुणी परत येऊन चाचांना ओळखीचं हसला आणि कागद हरवला म्हणाला. चावडीवर चेष्टा चालायची. "नाकेदार, बार्शीत सोमवारचा बाजार कुठं भरतो ते तरी सांगा, मग लंडनचं बघू." चाचा हसून घ्यायचे. पण त्या शुक्रवारी ते माझ्या वडिलांना म्हणाले, "मास्तर, मला एवढंच कळू द्या, माझं खरं निघतं का नुसती बडबड हाय. तुमचा पोरगा यादीतला हाय. हा आणंल." यादीतला हा त्यांचा सर्वांत मोठा किताब होता. मी शाळेत असल्यापासून दप्तराची यादी दप्तरात ठेवायचो.

तपासणी दोन तास चालली. पहिलं कलम : पेटीतल्या प्रत्येक जिनसाची यादी करून झाकणाच्या आत चिकटवणे. ती मी इंग्रजीत करून आणली होती, तर चाचांनी सुईदोऱ्यापाशी बोट ठेवलं. "दोरा एक लिवलाय. काळा का पांढरा?" पांढरा. "आन कोटाचं बटन तुटलं तर?" चाची आतून काळा दोरा घेऊन आली आणि यादीत एक ओळ वाढली. चौथं कलम : कोट असला तरी घोंगडी नेणे. विलायतेची थंडी चाचांनी नाक्यावरच्या पौषातल्या पहाटेवरून ताडली होती. नववं : जहाजावर चढताच खिडकीजवळच्या जागेवर रुमाल टाकणे. बारावं : घरमालकिणीकडं पहिल्या दिवशी काही मागू नये, काहीतरी द्यावं. सोळावं : पत्रांना नंबर घालावेत, म्हणजे हरवलेलं कोणतं ते घरी कळतं. आईनं येडेश्वरीचा अंगारा पुडीत बांधून दिला, तोही चाचांनी यादीत चढवायला लावला. "लपवायचं काय न्हाय, भाभी. देवीचा हाय, चोरीचा न्हाय." तोवर शेळीनं सतराव्या कलमाचा कोपरा खाल्ला होता. शेवटचं, तेविसावं कलम : परत येताना पेटी आपल्या नाक्यावर उघडून दाखवणे. मी विचारलं, हे कशाला? चाचा म्हणाले, "जाणारा सगळ्या गावाला दिसतो, बेटा. आलेला पहिल्यांदा नाक्याला कळतो. तेवीस झाल्याबगर फर्द पुरी न्हाय."

मी उत्तर इंग्लंडातल्या एका गिरण्यांच्या गावी कापडयंत्रं शिकायला गेलो. फर्द कोटाच्या आतल्या खिशात. नवव्या कलमाप्रमाणे मी जहाजावर रुमाल टाकला आणि माझ्या रुमालावर एक धिप्पाड पंजाबी गृहस्थ झोपले, कारण ती जागा त्यांच्या तिकिटावर छापलेली होती. बाराव्या कलमाप्रमाणे घरमालकिणीला शेंगदाण्याची चटणी दिली. ती तिनं मुरंब्यासारखी पावाला लावली आणि पाणी पीत पीत संपवली, पण त्या दिवसापासून माझ्या खोलीत एक जास्तीचा दिवा आला. हिवाळ्यात कोळसा मिळेना, तेव्हा घोंगडीनं मला वाचवलं, आणि शेजारच्या खोलीतल्या मद्राशी मित्रालाही, आळीपाळीनं. आणि पहिलं कलम. विलायतेत उतरलो तेव्हा बंदरावरच्या जकात कारकुनानं माझी ट्रंक उघडली, झाकणाच्या आतली यादी पाहिली आणि तो चक्क खुर्ची ओढून बसला. एकेका ओळीवर बोट ठेवून त्यानं ती शेवटपर्यंत वाचली. मग एकच प्रश्न विचारला : दोरे दोन कशाला? मी म्हणालो, काळा कोटाला, पांढरा सदऱ्याला. त्यानं मान हलवली आणि हातही न घालता झाकण लावलं. क्षणभर मला वाटलं, मी येरमाळ्यातच उभा आहे.

हे तेव्हाच लिहून कळवायला हवं होतं. मी चाचांना पत्रात विचारलंही, झालेले शेरे पाठवू का? उत्तर आलं, "अधुरी फर्द नाक्यावर चालत नाही. पुरी करून आणा." मलाही ते पटलं. दोघांचा स्वभाव सारखा, त्यामुळं कुणी कुणाला समजावणारं उरलं नाही.

परत आलो तोवर तीन वर्षं उलटली होती आणि निजामाचं राज्य गेलं होतं. मधल्या काळात इथं माणसांवर काय गुदरलं ते वडिलांच्या पत्रांतून मला अर्धंच कळलं होतं. बार्शीहून मोटारीनं निघालो तो कुलपाची किल्ली हातात धरूनच. नाका मात्र अजून होता, त्यावर नवा तरुण नाकेदार होता. त्यानं ट्रंकेवर खडूची रेघ ओढली आणि "जावा" म्हणाला. मी म्हणालो, उघडून बघा की. "कशाला? विलायतेहून आलाय न्हवं?" मी पुन्हा म्हणालो, बघा तरी. तेव्हा त्यानं माझ्याकडं संशयानं पाहिलं, तो आता उघडणार अशी मला आशा वाटली, आणि नेमकी मोटार सुरू झाली.

चाचांच्या अंगणात बांबू तसाच होता. चाचा निम्मे झाले होते. "कुठून आलात?" विलायतेहून. "कुठं चाललात?" तुमच्याकडं. "बरोबर काय?" फर्द. त्यांनी चष्मा लावून एकेक शेरा वाचला. नवव्याला म्हणाले, "जागेला नंबर असतात? असतील. पण नंबर टाकणारा आधी रुमाल टाकूनच बसला असंल." बंदरावरच्या कारकुनाची गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगायला लावली. "बोट ठेवून वाचत होता?" हो. "खुर्चीवर बसून?" हो, चाचा. ते बराच वेळ स्वतःच्या बोटाकडं बघत राहिले. चाची म्हणाली, "झालं ना आता समाधान? जेवा." पण तेविसावा रकाना कोरा होता. त्यांनी फर्द घडी करून मला परत दिली.

"असं कर," ते म्हणाले, "पेटी घेऊन बार्शीला जाऊ. तू आन मी. आन तिकडून येऊ. मी मुसाफिर म्हणून बसतो, बघतो कसा उघडत न्हाय ते." मग चष्मा काढत म्हणाले, "आपला नाका पलीकडून कसा दिसतो, तेबी बघू."

मला सोमवारी हैदराबादला नोकरीवर हजर व्हायचं होतं. पुढच्या सुट्टीत नक्की, म्हणालो, आणि त्यांच्यादेखत डायरीत लिहिलं : चाचांना बार्शीला नेणे. पुढच्या सुट्टीत बहिणीचं लग्न निघालं. त्यापुढच्या सुट्टीत गिरणीचं काम. मी कुठलंही काम विसरत नाही, पुढच्या पानावर नेतो. ते काम मी पानापानानं तीन डायऱ्यांतून पुढं नेलं, आणि मग वडिलांचं पत्र आलं. चाचा गेले. शेवटी लिहिलं होतं : अंगणातला बांबू काढावा का, असं चाची विचारतात.

आता त्या रस्त्यावर नाका नाही. बस न थांबता निघून जाते आणि हद्द कुठं होती ते बसलेल्यांना कळतही नाही. फर्द माझ्या टेबलाच्या खणात आहे. बावीस शेरे, एक कोपरा शेळीनं खाल्लेला. ट्रंकही आहे, यादी झाकणाला तशीच, दोरे दोन. या वर्षीच्या डायरीतही पहिल्या पानावर बार्शीला जाऊन येणे असं लिहिलं आहे. येताना पेटी कुणाला उघडून दाखवायची, ते अजून ठरायचं आहे.