चार वाट्या आणि एक खिडकी

आमच्या सासऱ्यांइतका वारा मनावर घेणारा माणूस अख्ख्या बदलापुरात सापडायचा नाही. जिन्यात कुणी सहज म्हणालं, "आज काय वारं सुटलंय हो!" की बाबा तिथेच थांबतात. "कुठून सुटलंय? चाललंय कुठे?" समोरचा बिचारा दुधाची पिशवी घेऊन निघालेला असतो, त्याला नुसती सुटका हवी असते. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर होते. रिटायर झाल्यावर लोक बागेत जाऊन बसतात, नाहीतर घरच्यांच्या डोक्यावर. हे घरामागच्या टेकडीवर जायला लागले. "इतकी वर्षं धूर वर सोडला, आता तो जातो कुठे ते तरी बघू दे," म्हणाले. खरं कारण आतल्या खोलीत बसून लसूण सोलत होतं. सासूबाईंना दमा आहे. कारखान्यांकडचा वास आला की त्यांची छाती भरते, आणि खिडकी दिवसभर लावून ठेवली तर जीव घुसमटतो.

बाबांचं वारा मोजायचं यंत्र म्हणजे माझ्या संसारावर पडलेला दरोडा. लग्नात मिळालेल्या सहा वाट्यांपैकी चार त्यांनी पळवल्या, दोन आडव्या पट्ट्यांच्या टोकांना बसवल्या आणि खाली फिरायला सायकलचं बेअरिंग लावलं. ते आणायला उल्हासनगरला गेले, तर दुकानदार म्हणाला, "साईं, इस उमर में सायकिल?" बाबा म्हणाले, "नहीं, हवा गिनने का है." त्याने बेअरिंग फुकट दिलं. दया आली असणार! एक वाटी लाल रंगवलेली, ती मिनिटाला किती फेरे घेते ते घड्याळ लावून मोजायचं आणि वहीत लिहायचं. मोजताना कुणी बोललं आणि आकडा चुकला, की दिवसभर आमच्यावर डाफरणं. मीही महिनाभर त्यांना आमटी पेल्यात वाढली. चकार शब्द न काढता प्यायले.

"सूनबाई, डोंगराचा वारा सरळ नसतो," ते मला समजावत. "सकाळी गार हवा उतारावरून घरंगळत आपल्या खिडकीत येते, ती स्वच्छ. उन्हं आली की डोंगर तापतो नि खालची हवा वर ओढतो. मग कारखान्यांचा वास आपल्या घरावरून चढतो. वारा पालटायचा तो क्षण पकडायचा!" तो क्षण कधी आठला, कधी पावणेदहाला. म्हणून बाबा रोज सकाळी टेकडीवरच्या खिंडीत जाऊन उभे राहायचे. पालटला की घरी फोन. "पालटला. लाव." "लावते हं," सासूबाई म्हणायच्या, आणि खिडकी अशी धाडकन लावायच्या की फोनमधून ऐकू जावी.

दिशा कळायला त्यांनी खिंडीत बांबू रोवून सासूबाईंच्या जुन्या हिरव्या पातळाची चिंधी बांधली होती. पाड्यावरच्या बायकांना वाटलं, नवसाची जागा. महिन्याभरात तिथे चिंध्यांची गर्दी झाली, नारळ आले, कुंकू आलं. मी म्हटलं, काढून टाका की. "त्यात एक झबलंही आहे गं," बाबा म्हणाले. "कुणाचं काय अडलंय, आपल्याला काय ठाऊक?" मग त्यांनी आपलं बिऱ्हाड पंधरा पावलं पुढे नेलं आणि तिथे पाटी लावली, 'हा देव नाही'. दोन दिवसांनी पाटीला हार!

एकदा मी रजेवर घरी होते. पाहते तर सासूबाईंनी खिडकी आधीच लावलेली. दहा मिनिटांनी फोन आला, तशी त्यांनी कडी काढली, खिडकी उघडली, "लावते हं," म्हणाल्या आणि धाडकन लावली. "हे काय?" मी विचारलं.

"माझ्या घशाला आधीच कळतं गं. चणचण सुरू होते."

"अहो, मग बाबांना सांगा ना!"

"खबरदार सांगशील तर. गुडघे दुखत असताना चढतात ते. वर पोचलेल्या माणसाला काय सांगू, गरज नव्हती म्हणून?"

यंदाच्या थंडीत गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी चढण बंद केली. बाबा जिन्यात कुणाला अडवेनासे झाले. ते मला बघवेना. "मी जाते वर," म्हटलं खरं, पण लगेच ध्यानात आलं. आता नऊच्या सुमाराला बाबा घरात असणार, आणि फोनच्या आधी लागलेली खिडकी डोळ्यांनी बघणार.

रविवारी धापा टाकत खिंडीत पोचले. वळून पाहिलं. तिथून आमची खिडकी समोरच दिसत होती, निळ्या पडद्यासकट. मी बघत असतानाच ती लागली. आमची हिरवी चिंधी अजून घराकडेच फडफडत होती. बऱ्याच वेळाने वाट्या मंदावल्या, थांबल्या, चिंधी लोंबली आणि उलट्या बाजूला उठली. मी फोन लावला. "बाबा, पालटला. लावा."

"लावतो हं," बाबा म्हणाले. खिडकी उघडली, बाबांच्या लाल स्वेटरची बाही बाहेर आली, आणि फोनमध्ये धाडकन आवाज झाला.

नोंद करायला मी त्यांची वही उघडली. रोजच्या पानावर घड्याळातल्या दोन वेळा टिपलेल्या होत्या. एकीपुढे 'वारा', दुसरीपुढे 'ती'. 'ती' रोज आधी.

खाली आले तर चहा तयार होता. "किती फेरे?" बाबांनी विचारलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, बाबाही बघत होते, आणि माझे डोळे भरून आले होते.

"मोजायचे राहिले," मी म्हटलं.

बाबा पहिल्यांदाच डाफरले नाहीत. माझ्यापुढे चहाचा कप सरकवला आणि म्हणाले, "असू दे. उद्या मोज."