ठकुकाकींच्या तरव्यातला रस्ता

ठकुकाकींच्या तरव्यात पहिली मोटार घुसली तेव्हा मी गोठ्यात म्हशीची धार काढत होतो. आधी इंजिनाची घरघर ऐकू आली, मग गाडीच्या उघड्या काचेतून मोबाईलमधल्या बाईचा तो थंड आवाज, ‘डावीकडे वळा.’ आमच्या वाडीत डावीकडे वळायला रस्ताच नाही. डावीकडे काकींचं भाताचं खाचर आहे. मी दुधाची कासंडी तशीच टाकून ओरडत बाहेर धावलो, पण तोवर पांढरीशुभ्र गाडी बांध उतरून चाकं अर्धी बुडेपर्यंत चिखलात बसली होती.

ज्यांना शेती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जूनच्या तोंडाला खाचराच्या एका कोपऱ्यात भात दाट पेरतात, तो तरवा. रोपं वीतभर झाली की उपटायची आणि सगळ्या खाचरांत लावायची. तो कोपरा गेला तर लावणीला हातात काही राहत नाही, आणि पुन्हा पेरावं म्हटलं तर पाऊस तुमच्यासाठी थांबत नाही. काकींचं वर्षाचं खाणं त्या कोपऱ्यात उभं होतं.

“दिसत न्हाई का?” मी त्या गाडीवाल्याला विचारलं.

“मला लॉन वाटलं,” तो म्हणाला.

लॉन! पानशेतच्या पलीकडच्या डोंगरात, ज्या वाडीत एसटी यायला कां कू करते, तिथे कोण कशाला लॉन लावेल? वर त्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. “हे बघा, मॅपमध्ये रस्ता आहे.” खरंच होता. निळी रेघ काकींच्या अंगणावरून, तरव्यातून, ओढा ओलांडून थेट धबधब्यापर्यंत गेलेली, आणि रेघेवर मराठीत लिहिलेलं, ‘आजींचा रस्ता’. म्हणजे पायाखालची जमीन खोटी आणि त्याच्या हातातली काच खरी.

आता या रेघेची हकिगत सांगायची तर काकींचीच सांगावी लागेल, कारण सगळा घोळ त्यांच्या स्वभावातून झाला.

ठकुबाई माझ्या चुलत्यांची बायको. चुलते जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती लेक सुलक्षणा, ती उत्रोलीला दिलेली. काकी एकट्याच राहतात, पण एकटं माणूस बोलल्याशिवाय किती दिवस काढणार? त्यामुळे वाटेनं कुणी जाताना दिसला की काकी दारात उभ्या. हातात पाण्याचा तांब्या ठरलेला.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. परक्या माणसाला वाट तोंडानं सांगायची नाही, चालून दाखवायची. पावसाळ्यात इथे धुकं असं उतरतं की स्वतःचा बैल दिसत नाही, आणि एक बांध चुकला की पुढे कडा आहे. म्हणून वाट विचारणाऱ्याबरोबर फाट्यापर्यंत जायचं, पुढची पायवाट त्याच्या नजरेला पडली की मागे फिरायचं. आता बाकीच्यांनी ही रीत सोडली. मीसुद्धा बसल्या जागेवरून हात करतो. काकींनी मात्र सोडली नाही.

मागच्या पावसाळ्यात पुण्याची पोरं-पोरी यायला लागली. आम्ही ज्याला नुसतं ‘कड्याचं पाणी’ म्हणतो ते म्हणे मोबाईलवर फार गाजलं होतं. पोरं दारात येऊन गोड आवाजात विचारायची, “आजी, धबधबा कुठंय?” झालं. काकी तांब्या पुढे करायच्या, चौकशी करायच्या, कुणाचा कोण, लग्न झालं का, आई काय करते, आणि पदर खोचून पुढे चालायला लागायच्या. अंगणावरून, तरव्याच्या बांधावरून, ओढ्यातल्या दगडांवरून. जवळची वाट तीच. सबंध पावसाळाभर हे चाललं. त्या पोरांच्या खिशातले मोबाईल प्रत्येक पाऊल टिपून ठेवतायत, हे काकींना कुठून कळणार? मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

मग कुणीतरी त्या वाटेला नाव दिलं, फोटो टाकले, पाच तारे दिले. मी चिंचेखाली, जिथे थोडीफार रेंज येते तिथे उभा राहून काकींना वाचून दाखवलं होतं : ‘आजी खूप गोड आहेत. हात धरून ओढा पार करून देतात.’ काकींनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. दुपारी सुलक्षणाला फोन लावायला लावला आणि तिलाही ऐकवायला लावलं. पुढे कित्येक दिवस मला दिसले की विचारायच्या, “धनाजी, नवं काय लिवलंय का रं माजं?”

तर अशी ती पायवाट. मोबाईलनं तिचा गाडीरस्ता केला आणि या साली मोटारी सोडल्या.

त्या पहिल्या गाडीला शेजारच्या हनुमंताच्या ट्रॅक्टरनं ओढून काढलं. चाकं जागेवर फिरफिरून तरव्याचा एक कोपरा पार लगदा झाला. मी त्या माणसाला तोंडाला येईल ते बोलत होतो. आणि काकी? काकींनी त्याच्या बायकोला पाय धुवायला पाणी दिलं, आणि गाडी चिखलातून निघाल्यावर दोघांना म्हणाल्या, “आलीच हाईसा तर चला, पानी दावते. धुकं लई हाय, एकली जाऊ नगा.” मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन गाड्या. मी बाभळीच्या काट्या आणून वाट बंद केली. लोकांनी काट्या उचलून बाजूला ठेवल्या. भोरहून पाटी रंगवून आणली, ‘येथे रस्ता नाही’. त्या पाटीशी उभं राहून लोकांनी फोटो काढले. मग म्हटलं, ज्यानं दुखणं दिलं त्याच्याकडेच औषध मागू. चिंचेखाली उभा राहून, एका हातानं डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून, मी त्या अ‍ॅपवर तक्रार लिहिली : हा रस्ता नाही, हे शेत आहे. उत्तर आलं, ‘धन्यवाद! आम्ही तपासत आहोत.’ मला वाटलं, कुणीतरी साहेब येईल, निदान फोन तरी करेल. तलाठ्याला निदान शोधून काढता येतं, त्याच्या टेबलासमोर बसता येतं. या कारभाराला ना टेबल, ना साहेब. पुढच्या आठवड्यात निकाल आला : ‘आपली सूचना स्वीकारता आली नाही. या रस्त्याचा अलीकडे अनेकांनी वापर केला आहे.’

अनेकांनी वापर केला म्हणे! ते चिखलात रुतून बसले होते, त्याला वापर म्हणतात! म्हणजे जितक्या गाड्या तरव्यात फसणार तितका तो रस्ता पक्का होणार. मी तो मोबाईल ओढ्यात भिरकावणारच होतो, पण त्यातच बँक, त्यातच गॅसचा नंबर, त्यातच पीकपाहणी. भिरकावून जातोय कुठं?

तेवढ्यात समोरून काकी येताना दिसल्या. मागे पाच-सहा पोरं, सगळ्यांच्या हातात मोबाईल, आणि काकी पुढे, धबधबा दाखवून परत आणतायत. बांधावरून. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोरं निघून जाईपर्यंत दम धरला आणि मग भर पावसात काकींवर ओरडलो.

“काकी, ह्यो रस्ता त्या मोबाईलनं न्हाई काढला, तुमी काढलाय! त्येंच्या खिशातलं यंत्र बघतंय, मानसं कुठनं चालत्यात. तुमी रोज नेताय म्हून ते म्हनतंय रस्ता हाय. तुमचा तरवा तुमीच तुडवून घेताय!”

काकी तरव्याकडे बघत राहिल्या. निम्मा उरला होता. उरलेल्यात खालची दोन खाचरं जेमतेम लागली असती.

“म्हंजी माज्या पायाचं बघून त्यानं रेघ वढली?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

“मंग म्या न्हेऊ नगं कुनाला?”

“न्हाई न्ह्यायचं. दार लावून बसायचं.”

त्या शनिवारी काकींनी खरंच दार लावलं. बाहेर कुणी “आजी, आजी” करत होतं. फटीतून बघत काकी आत चुलीशी उठबस करत होत्या, आणि मी बाहेर पहारेकऱ्यासारखा उभा राहून लोकांना हाकलत होतो. धुकं गच्च होतं. दोन पोरी माझ्याशी हुज्जत न घालता परस्पर बांधानं निघाल्या. तेव्हा दार उघडलं आणि काकी पायात चप्पल न घालता धावल्या, “अगं पोरींनो, तिकडं कडा हाय! मागं फिरा!” त्यांना ओढत परत आणलं आणि अंगणात उभं राहून मला म्हणाल्या, “न्हाई जमायचं मला ह्ये. उद्या कुनी पडलं तर म्या कुनाला तोंड दावू?”

“मग तरवा जाऊ द्या!” मी म्हणालो. रागानंच.

“तरवा बी जानार न्हाई,” काकी म्हणाल्या. “माजं पाय बघून रेघ वढतंय न्हवं? मंग पाय दुसरीकडनं न्हेते. देवळापासनं गायरानातनं जुनी वाट हाय की.”

जुनी वाट आहे, पण लांबची. देवळापुढच्या मोकळ्या जागेत गाड्या उभ्या करायच्या, गायरानाला वळसा घालून कड्याखाली यायचं. ओढाही लागत नाही आणि शेतही. चढ मात्र छाती फोडणारा. काकींचे गुडघे आधीच कुरकुरणारे. मी नाही म्हणून पाहिलं, सुलक्षणाकडून फोनवर रागावून घेतलं, पण काकी ऐकतायत कुठल्या!

पुढच्या रविवारपासून त्या देवळाच्या पारावर जाऊन बसायला लागल्या. गाडी दिसली की रस्त्याच्या मधोमध उभ्या, दोन्ही हात पसरून. “गाडी हितंच लावा. म्होरं न्हाई जात. म्या हाय न्हवं, चला.” मग सगळ्यांना बजावून सांगायच्या, “मोबाईल चालू ठिवा बरं का, खिशात घालू नगा.” पुण्याच्या लोकांना वाटायचं, म्हातारीला मोबाईलची केवढी हौस! कोणाला कल्पना नव्हती की ही बाई त्यांच्या मोबाईलना एकेक करून नवी वाट शिकवतेय. चढावर थांबत, गुडघ्यावर हात टेकत, दिवसातून दोनदा, कधी तीनदा. संध्याकाळी घरी आल्या की निरगुडीचा पाला बांधून पडायच्या. मी अ‍ॅपला शिव्या द्यायचो, लोकांना द्यायचो आणि काकींना चहा द्यायचो.

त्यानं उरलेला तरवा वाचला. लावणी झाली. वरचं खाचर रिकामं राहिलं, पण खालची दोन्ही हिरवी झाली. श्रावण लागेपर्यंत काकी मोबाईलना वाट शिकवतच होत्या, आणि श्रावणात एका सकाळी मी चिंचेखाली मॅप उघडला तर रेघ सरकली होती. देवळापासून गायरानाला वळसा घालून, अगदी काकींच्या पावलांबरहुकूम, थेट कड्याखाली. नाव तेच, ‘आजींचा रस्ता’. मी धावत जाऊन काकींना दाखवलं. त्यांनी रेघेवर बोट फिरवलं आणि त्या एवढ्या हसल्या की मला माझाच सगळा वैताग वाया गेल्यासारखा वाटला.

पुढच्या शनिवारी काकी नेहमीप्रमाणे पारावर. शेजारी तांब्या. मी दूध घालून परत येत होतो, तसाच थांबलो. एक गाडी आली, देवळापुढे शिस्तीत उभी राहिली. चौघं उतरले. काकी पदर खोचून उठल्या. चौघांनी मोबाईल पाहिले आणि बरोब्बर गायरानाच्या वाटेला लागले. काकींच्या समोरून. एकानं मान हलवली, बाकीच्यांच्या कानात गाण्याची बोंडं. “पानी घ्या की वाईच,” काकी म्हणाल्या, तोवर ते वळणावर गेले होते. दुसरी गाडी आली, तिसरी आली. सगळ्यांना रस्ता येत होता.

दुपारपर्यंत काकी बसून होत्या. मी दोनदा म्हणालो, “चला घरी, आता गरज न्हाई.” बोलून गेलो आणि जीभ चावली. म्हणालो ते तर खरंच होतं, हीच तर आमची जीत होती. याचसाठी मी पावसात उभा राहून बोंबललो होतो, याचसाठी त्यांनी गुडघे मोडून घेतले होते.

“धनाजी,” त्या म्हणाल्या, “बघ की रं, नवं काय लिवलंय का.”

मी मोबाईल काढला. लिहिलं होतं, त्याच सकाळचं. पाच तारे. ‘रस्ता एकदम सोपा. मॅप अचूक आहे. कुणालाही विचारायची गरज पडत नाही.’

“काय म्हनत्यात?”

“रस्ता चांगला हाय म्हनत्यात.”

“आन माजं?”

देवळापाशी कधी रेंज नसते. नेमकी त्या दिवशी सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या. मी मोबाईल उलटासुलटा केला, आभाळाकडे धरला, मग खिशात घातला.

“नेटवर्क गेलं, काकी.”

“त्या मोबाईलचं बी काय खरं न्हाई,” काकी म्हणाल्या. तांब्यातलं पाणी त्यांनी पारावरच्या तुळशीला घातलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.